ब्लॉक करा, पण आधी पुरावा ठेवा

इन्स्टाग्रामवर कुणी घाणेरडे मेसेज पाठवले, की आपल्या मुलींना घरात एकच सल्ला मिळतो: अकाउंट बंद कर. म्हणजे चूक त्याची आणि शिक्षा हिला! त्यापेक्षा त्याला ब्लॉक करा. ब्लॉक केल्याचं इन्स्टाग्राम त्याला कळवत नाही.

पण आधी स्क्रीनशॉट घ्या, त्याच्या प्रोफाइलची लिंक जपून ठेवा. जानेवारी २०२२ मध्ये ‘बुली बाई’ अ‍ॅपवर मुस्लिम महिलांचे फोटो ‘लिलावा’ला लावले गेले. गिटहबने ते खातं ब्लॉक केलं. मात्र तक्रार झाली, म्हणूनच मुंबईच्या सायबर पोलिसांनी तपास करून अटक केली.

भावांनो, बहिणीचा फोन काढून घेऊ नका. तक्रार द्यायला तिच्यासोबत जा.