राउटरची किल्ली कोणाकडे?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



सोसायटीला पंचवीस वर्षे झाली, त्याबद्दल आपणा सर्वांचे अभिनंदन. मला सांगितलं होतं की जुन्या आठवणी सांगा. आठवणी सांगणारे आज पुष्कळ आहेत. मी एका साध्या, पण कामाच्या विषयावर बोलणार आहे. आपल्या ऑफिससाठी आणि सीसीटीव्हीसाठी नवा राउटर घ्यायचा आहे. बऱ्याच घरांतही तो घेतला जातोय. तो घेताना काय बघायचं, एवढंच सांगतो.

मी आयुष्यभर बँकेत काम केलं, त्यामुळे उदाहरणही तिथलंच देतो. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक ग्राहकाची आणि एक बँकेची. एकट्या बँकेला तो रोजच्या व्यवहारात उघडता येत नाही, म्हणून तर आपण विश्वासाने दागिने ठेवतो. आता बाजारात असे राउटर आले आहेत की पैसे आपण द्यायचे, वीज आपली, ठेवायचं आपल्या घरात, पण त्याची किल्ली कंपनीकडे! खोक्यातून काढला की तो म्हणतो, आधी मोबाईलवर ॲप घ्या, ईमेल द्या, खातं उघडा, ओटीपी टाका. ते खातं कंपनीच्या दूरच्या संगणकावर असतं. त्यालाच क्लाउड म्हणतात. वायफायचा साधा पासवर्ड बदलायचा तरी आधी तिकडची परवानगी.

यात बिघडलं काय, असं तरुण मंडळी विचारतील. तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट लाईनची. आपण आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी राहतो. २२ जुलै २०२१ कोणी विसरलेलं नाही. महाडात पाणी शिरलं, तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, घाटातला रस्ता ठिकठिकाणी खचला, वीज आणि मोबाईल दोन्ही बंद पडले. त्या दिवशी कुठलाच राउटर कामाला आला नसता, हे मी आधीच कबूल करतो. पण इतका मोठा प्रसंग नको, आपल्याकडे दर पावसाळ्यात केबल तुटते, कधी रस्त्याच्या खोदाईत तुटते. इंटरनेट गेलं म्हणून घरातलं घरात सगळं थांबायचं कारण नाही. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ऑफिसातल्या डीव्हीआरवर होतं, प्रिंटर शेजारच्या टेबलावर असतो. स्वतःच्या पायावर उभा असलेला राउटर ही कामं बाहेरची लाईन नसतानाही चालू ठेवतो आणि सेटिंगही बदलू देतो. क्लाउडवर विसंबलेल्या काही राउटरचं ॲप मात्र लाईन गेली की लॉगिनच होत नाही. बँकांत कोअर बँकिंग आलं तेव्हाचं आठवा. पूर्वी लेजर शाखेत होतं, पुढे लाईन गेली की काउंटरवर बसून एकमेकांची तोंडं बघायची. बँकेला त्याचे फायदे प्रचंड झाले, ते मान्य. पण घरातल्या प्रिंटरला कशाला हवी ती पराधीनता?

दुसरी गोष्ट कंपनीच्या मर्जीची. गुगलने २०१५ साली ऑनहब नावाचा राउटर काढला. महागडा होता. जानेवारी २०२३ पासून त्याचा आधार बंद केला. वायफाय चालू राहिलं, पण ॲपमधून सेटिंग बदलता येईना, सुरक्षेची अपडेटही थांबली. वस्तू ठणठणीत, पण किल्लीच काढून घेतलेली.

तिसरी गोष्ट सोसायटीसाठी सगळ्यात महत्त्वाची. खातं कोणाच्या नावाने उघडायचं? सेक्रेटरीच्या मोबाईलवर उघडतात. दर पाच वर्षांनी निवडणूक होते, कमिटी बदलते. माणूस मुलाकडे पुण्याला जातो, नंबर बदलतो, कधी माणूसच राहत नाही. मग ओटीपी कोणाच्या फोनवर येणार? माझ्या ओळखीच्या एका घरी तर फिटरने स्वतःच्याच नंबरावर नोंदणी करून टाकली आणि पुढे नोकरी सोडून गेला. घरच्यांना आपल्याच राउटरचे मालक होण्यासाठी तो सगळा पुसून पहिल्यापासून लावावा लागला. बँकेत बदली झाली की चार्ज द्यायचा, किल्ल्यांच्या रजिस्टरवर दोघांच्या सह्या व्हायच्या. सोसायटीची मालमत्ता कोणा एकाच्या मोबाईलला टांगलेली नसावी, तिचाही चार्ज देता आला पाहिजे.

मग घ्यायचं काय? दुकानदाराला चार प्रश्न विचारा.

एक, ॲप न घेता, कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून हा लावता येतो का? १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा पत्ता टाकला की राउटरचं स्वतःचं पान उघडलं पाहिजे.

दोन, खातं न उघडता सगळी सेटिंग मिळतात का? टीपी-लिंकचे आर्चर, आसुसचे राउटर असे चालतात. खातं हवं तर उघडा, नको तर नको. मायक्रोटिक मजबूत, पण शिकायला अवघड. उलट ईरो आणि नेस्ट वायफाय यांना खातं लागतंच.

तीन, अपडेटची फाईल कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून आपल्या हाताने टाकता येते का?

चार, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी चालते का? जगभरच्या जाणकारांनी मिळून केलेली ही मोफत प्रणाली २००४ पासून चालू आहे. कंपनीने हात वर केले तरी तिच्या जोरावर जुना राउटर आणखी काही वर्षं चालतो. प्रत्येक मॉडेलवर ती बसत नाही, म्हणून घेण्याआधीच बघायचं.

इंटरनेटवाला स्वतःचा डबा देतो, त्याचं काय? तो राहू द्या. त्याच्या मागे आपला राउटर जोडता येतो. घरातली उपकरणं आपल्या राउटरवर ठेवली की उद्या इंटरनेटवाला बदलला तरी घरातला पासवर्ड तोच राहतो.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर सेल्समन आणि मी यात फरक काय? खातं नसलं की मुंबईतला मुलगा तिथून आपला राउटर सहज दुरुस्त करू शकणार नाही. अपडेट आपोआप येईलच असं नाही, दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी बघायला हवं. आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायला हवा. २०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते अशाच न बदललेल्या पासवर्डमुळे. किल्ली आपल्याकडे ठेवायची तर राखणही आपणच करायची. बाहेरून राउटरमध्ये शिरण्याची सोय म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, तीही बंद ठेवा.

घाट चढून गेलं की प्रतापगड लागतो. गडावर तळी गडाचीच, आणि दरवाजाचा अडसर आतल्या बाजूला. अडसर बाहेर ठेवला असता तर त्याला कोणी गड म्हटलं नसतं. घराचंही तसंच आहे.

शेवटी कमिटीला माझ्या तीन सूचना. राउटर वरच्या चार प्रश्नांना उतरणारा घ्यावा. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून, सीलबंद पाकिटात, ऑफिसच्या कपाटात ठेवावा, आणि चार्ज देताना त्याची नोंद रजिस्टरवर व्हावी. सोबत राउटरसाठी मिळतो तो छोटा बारा व्होल्टचा यूपीएस घ्यावा, म्हणजे वीज गेल्यावर निदान काही तास तरी तो चालू राहील. राउटर लावायला तरुण मुलांनी पुढे यावं, आणि एका रविवारी आम्हा म्हाताऱ्यांनाही तो शिकवावा. आम्ही वही-पेन घेऊन येतो.