फंडाचा पैसा आणि माणसाचे मन



अर्थशास्त्राची कोणतीही पदवी आमच्यापाशी नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर वाचले आणि जे पाहिले ते या शहाडच्या आसपासच्या कारखान्यांच्या फाटकांवर. महागाई भत्त्यातल्या थोड्या रुपयांसाठी महिनोन्‌महिने हटून बसणारा कामगार निवृत्त होताच फंडाची सारी पुंजी एका दुपारी, शेजाऱ्याच्या शब्दावर, कोठेतरी घालून मोकळा होतो. हा मनुष्य मूर्ख आहे काय? मुळीच नाही. मग असे का होते, एवढाच आजचा विषय.

हा रोग नवा नाही. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा बॅक बेचा समुद्र बुजवायला निघालेल्या कंपनीत आणि तसल्याच इतर कंपन्यांत ओतला गेला. पाच हजारांचा शेअर कित्येक पटींनी विकला जाऊ लागला. समुद्र मात्र होता तिथेच होता! युद्ध संपले, कापूस उतरला, आणि 1 जुलै 1865 या हिशेबाच्या दिवशी भल्याभल्या पेढ्यांची दिवाळी वाजली. ही मुरलेली व्यापारी मंडळी होती, हे ध्यानात घ्या.

लोभ म्हणून हात झटकणे सोपे आहे. आम्हांला लोभापेक्षा तोट्याची भीती अधिक घातक वाटते. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली मांडले की, हजार रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा हजार गेल्याचे दुःख पुष्कळ मोठे असते. म्हणून पाचशेला घेतलेला शेअर तीनशेवर आला तरी विकवत नाही. विकला की तोटा खरा होतो. ठेवला तर आशा उरते. आणि वर चढणारा शेअर मात्र आपण घाईने विकून टाकतो!

सेबीचा सप्टेंबर 2024 चा अहवाल पाहा. 2021-22 पासूनच्या तीन वर्षांत फ्यूचर्स आणि ऑप्शन्समध्ये सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकी शंभरातल्या 93 जणांनी पैसे गमावले. एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटींहून अधिक. सलग दोन वर्षे बुडालेल्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक लोक तरीही सौदे करीतच राहिले. पुष्कळांचे वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत होते. म्हणजे आपलीच माणसे.

आता चळवळीतल्या माणसाला जड जाणारी गोष्ट. संपात सगळे एकदम उतरले की प्रत्येकाचे बळ वाढते. बाजारात सगळे एकदम धावले की भाव चढतो, आणि शेवटी येणाऱ्याला सर्वांत महाग माल मिळतो. "खात्यातल्या चौघांनी घातले, मी एकटा कसा मागे राहू?" असे आम्हांला विचारतात. फाटकावर जो गुण, तोच दलालाच्या दारात घात करतो.

म्हणून निवृत्त होणाऱ्यांना आम्ही सांगतो : पैसा तीन महिने बँकेत वा पोस्टात पडू द्या. नंतर शेअर घ्यायचाच असेल तर किती उतरल्यावर विकणार, हे घेण्याआधी वहीत लिहा आणि ती वही घरच्या लक्ष्मीच्या हाती द्या. तीन महिन्यांची गोष्ट पुष्कळांना पटते. वही द्यायला मात्र अजून फारसे कोणी राजी होत नाही.