होडी, मित्र आणि मुळेचें पाणी

प्रवासाचे प्रकार पुष्कळ आहेत. परंतु ज्यांत मित्रांची आणि नदीची पारख एकाच वेळीं होते, असा प्रवास म्हणजे होडींतून अरण्यांत केलेला चार-सहा दिवसांचा प्रवास होय. उत्तर अमेरिकेंत ही प्रथा चांगलीच रुजली आहे. तेथील होडीला कनू म्हणतात. ती दोन्ही टोकांना निमुळती, वजनाला हलकी आणि एका पात्याच्या वल्ह्यानें चालणारी असते. ओजिब्वे प्रभृति मूळ रहिवासी ती भूर्ज वृक्षाच्या सालीची करीत. साल झाडांच्या मुळ्यांनीं शिवीत आणि सांधे राळेनें बुजवीत. आपल्याकडे ज्या भूर्जाच्या सालीवर जुन्या पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच्याच कुळांतील झाडानें तिकडे माणसांना पाण्यावरून नेलें.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यांत, कॅनडाच्या सीमेला लागून, सुमारें दहा लक्ष एकरांचें राखीव अरण्य आहे. त्यांत हजाराहून अधिक सरोवरें असून बहुतेक पाण्यावर यंत्राच्या होडीस मज्जाव आहे. मंडळी परवाना काढून निघतात. एका तुकडींत नऊ माणसें आणि चार होड्या यांहून अधिक नसावें, असा नियम आहे. दोन सरोवरांमध्यें जमीन आली कीं होडी उपडी करून खांद्यावर घ्यावयाची. त्यासाठीं होडीच्या मधोमध आडवें लाकूड बसविलेलें असतें. त्याला त्यांच्या भाषेंत बैलाच्या जुवाचेंच नांव आहे. या पायवाटा मोजण्याचें माप साडेसोळा फुटांचें, म्हणजे जवळजवळ एका होडीएवढें!

मित्रांची पारख होते ती येथें. एका होडींत बहुधा दोघे असतात. पुढचा वल्ह्याची लय धरतो, मागचा दिशा सांभाळतो. दोघांचें जमलें नाहीं तर होडी जागच्या जागीं गरगरते. संध्याकाळीं लांकूड ओलें, अंगावर डासांचा थवा आणि पोटांत भूक असतांना जो न सांगतां चूल पेटवावयास बसतो, त्याची योग्यता शहरांतील दहा वर्षांच्या ओळखीनें कळली नसती. विस्तव ठरलेल्या जागीं, लोखंडी जाळीच्या चुलींतच करावयाचा. अन्नाची पिशवी अस्वलांच्या भयानें झाडाला उंच टांगावयाची. पेयांच्या बाटल्या आणि अन्नाचे पत्र्याचे डबे नेण्यास बंदी आहे. उरलासुरला केर ज्याचा त्यानें परत आणावयाचा. मागें खूण उरूं नये, हाच त्या प्रवासाचा शिष्टाचार.

आतां अशीच चार मित्रांची तुकडी मुळशी तालुक्यांतील चांदे गांवाहून निघाली अशी कल्पना करावी. मुळेंत होडी सोडली तर म्हाळुंगे, बालेवाडी मागें पडेल. दापोडीस पवनेची गांठ पडेल, पुण्यास मुठा मिळेल. पुढें रांजणगांव सांडसजवळ भीमा लागेल, आणि तिच्या ओघानें पंढरपूर गांठतां येईल. वारकरी जें दैवत पायीं चालून गांठतात, त्याच्या दारीं होडी लागेल. नकाशावर ही वाट अखंड आहे. प्रत्यक्षांत ती पहिल्याच दिवशीं अडते.

कारण मुळेचें बरेंचसें पाणी चांद्याकडे येतच नाहीं. मुळशीस टाटांनीं धरण बांधलें. त्याच्या विरुद्ध १९२१ सालीं मावळ्यांनीं सत्याग्रह केला, आणि त्याच लढ्यांत पांडुरंग महादेव बापट हे ‘सेनापती’ झाले. लढा जमिनीसाठीं होता. पण जमिनीबरोबर नदीची दिशाही गेली. पूर्वेकडे जाणारें पाणी डोंगर फोडून पश्चिमेस वळविलें गेलें, आणि दीड हजार फुटांहून अधिक खालीं, कोंकणांतील भिरा येथें, १९२७ पासून त्यावर वीज निघूं लागली. त्या विजेनें मुंबईचे कारखाने चालले, हें उपकार नाकारण्याचें कारण नाहीं. तथापि एक विलक्षण गोष्ट लक्षांत घ्यावी. भिऱ्याच्या वीजघरांतून सुटलेलें पाणी कुंडलिकेंत पडतें, आणि सकाळीं त्याच ओघावर कोलाडजवळ हौशी मंडळी रबरी तराफ्यांतून प्रवास करतात. चांद्याच्या मुलांनीं ज्या पाण्यांत होडी सोडावयाची, तें सह्याद्रीच्या पलीकडे दुसऱ्यांच्या होड्या वाहून नेत आहे.

जें पाणी उरतें त्याचीही अवस्था बरी नाहीं. ठिकठिकाणीं बंधारे, पुढें शहराचें सांडपाणी आणि त्यावर माजलेली जलपर्णी. पावसाळ्यांत पाणी असतें. पण पुरांत बंधाऱ्यावरून कोसळणाऱ्या लोंढ्यांत होडी घालणें म्हणजे मृत्यूला आमंत्रण. शहाण्या माणसानें तो मोह धरूं नये.

मग या प्रवासाची कल्पना तरी कशासाठीं करावयाची? नदीचें आरोग्य मोजण्याचें तें एक सोपें माप आहे म्हणून. चार मित्रांना चार दिवस जिच्यावरून निर्धास्त जातां येतें, जिच्या कांठीं चूल मांडतां येते आणि जिचें पाणी उकळून पितां येतें, ती नदी जिवंत समजावी. धरणांतून नदीसाठीं म्हणून वर्षभर कांहीं पाणी सुटावें आणि गटारांचें पाणी शुद्ध झाल्यावांचून पात्रांत येऊं नये, या दोन मागण्या त्या मापांतूनच निघतात. त्या पुऱ्या होतील त्या दिवशीं चांद्याच्या मुलांना होडी कोठें सोडावी, हें कोणी शिकवावें लागणार नाहीं.