दोघांनी राखलेली हद्द

सफाळ्याच्या दक्षिणेला वैतरणेची खाडी आणि तिवरांची दाटी. खाडीकाठच्या अशा कांदळवनांत सोनेरी कोल्हा राहतो. खेकडे, उंदीर, पडलेली फळं, त्याला काहीही चालतं.

गोष्टींतला हा लबाड प्राणी संसारात मात्र एकनिष्ठ. जोडी वर्षानुवर्षं टिकते आणि हद्दही दोघं मिळून राखतात. एकाने झुडपावर मूत्राची धार सोडली, की दुसरा तिथेच आपली भर घालतो. परक्या कोल्ह्याला वासावरून कळतं, इथे जोडपं नांदतंय! पिल्लांना नरही भरवतो. कधी आधीच्या वेतातली भावंडंही हातभार लावतात.

2022च्या दुरुस्तीने कोल्हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला. अशा संरक्षित प्राण्याच्या नावाने शिंगही विकलं जातं; पण कोल्ह्याला शिंग नसतं. ‘कोल्ह्याचं शिंग’ म्हणून कुणी काही विकत असेल, तर वन विभागाला 1926 क्रमांकावर कळवा.