बॉयलरखोलीची किल्ली

१९८९ मध्ये मी प्रागला शिष्यवृत्तीवर शिकत होतो. आमच्या वसतिगृहाच्या तळघरातल्या बॉयलरमध्ये कोळसा घालणारे आजोबा मुळात इतिहासाचे शिक्षक. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे आले, त्याला ‘बंधुभावाची मदत’ म्हणायला त्यांनी नकार दिला आणि नोकरी गेली. अशी माणसं तिथे जागोजागी भेटत. आजोबा माझ्याशी हवापाण्याचं बोलत. राजकारण निघालं की फावडं उचलत.

१७ नोव्हेंबरला विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला. पन्नास वर्षांपूर्वी त्याच तारखेला नाझींनी चेक विद्यापीठं बंद केली होती, त्या स्मरणासाठी परवानगी मिळालेली. संध्याकाळी नारोद्नी रस्त्यावर पोलिसांनी वाट अडवली. मुलं खाली बसली, मेणबत्त्या लावल्या, रिकामे हात वर केले. तरी लाठ्या पडल्याच. या क्रांतीला पुढे ‘मखमली’ म्हणू लागले. त्या रात्री आमच्या मजल्यावरचा एक मुलगा डोक्याला टाके घालून परतला होता!

एक विद्यार्थी ठार झाल्याची बातमी पसरली. ती खोटी ठरली, पण तोवर घरोघरच्या आईबापांना आपापली मुलं आठवली होती. विद्यार्थ्यांबरोबर नाटकवालेही संपावर गेले.

खरा प्रश्न कामगारांचा होता. ते कोणाच्या बाजूनं? २३ तारखेला प्रागचे पक्षप्रमुख श्तेपान एका मोठ्या कारखान्यात गेले आणि पंधरा वर्षांची पोरं देश चालवणार का, असं काहीसं बोलले. ‘आम्ही पोरं नाही!’ असं कामगार ओरडले. दुसऱ्या दिवशी पक्षाचे सरचिटणीस याकेश पायउतार झाले. तरी सत्ता पक्षाकडेच होती.

२७ तारखेला बारा ते दोन देशभर संप ठरला. बाराच्या ठोक्याला आजोबा वर आले. ‘दोन तास गारठा सोसा,’ एवढंच म्हणाले आणि आमच्याबरोबर वेन्सेस्लास चौकात आले. तिथे हजारो लोक किल्ल्यांचे जुडगे हलवत होते. म्हणजे सत्ताधाऱ्यांना सांगणं, ‘वेळ संपली, घरी जा.’ आजोबांकडे बॉयलरखोलीची एकच किल्ली. एकटी किल्ली वाजणार कशी? ती ते माझ्या किल्लीवर आपटत राहिले.

२९ नोव्हेंबरला संसदेनं घटनेतून पक्षाच्या ‘नेतृत्वा’चं कलम काढलं. २९ डिसेंबरला त्याच संसदेनं, मे महिन्यापर्यंत तुरुंगात असलेल्या हावेल यांना राष्ट्राध्यक्ष निवडलं.

१९९० मध्ये आजोबांना शाळेतून बोलावणं आलं. साठी उलटली होती, गेले नाहीत. मला म्हणाले, ‘आता इतिहास कोणीही शिकवील. हा बॉयलर मात्र दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही.’