दातखीळ

भीतीने दातखीळ बसली, असे आपण म्हणतो. भीती ओसरली की ती सुटते. परंतु घशाच्या कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्या कित्येक रोग्यांच्या वाट्याला एक निराळीच दातखीळ येते. रोग हटल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, ती चोरपावलांनी येते.

१८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि थोड्याच काळात ते कर्करोगावर योजिले जाऊ लागले. आज किरणांचा झोत पुष्कळच नेमका झाला आहे. तरीही जबडा मिटविणारे स्नायू घशाच्या निकटच असल्याने त्यांना थोडीफार झळ लागतेच. भाजल्या जागी कातडी आकसावी, तसे या स्नायूंत घट्ट तंतू साठत जातात. उपचार संपतात, हे आकसणे मात्र संपत नाही.

प्रौढ माणसाचे तोंड साधारणतः ४० ते ५० मिलिमीटर उघडते. हे माप ३५ च्या खाली आले, की वैद्य त्यास विकार मानतात. ऐकावयास हा फरक क्षुल्लक! पण भाकरीचा घास, दंतवैद्याचे हत्यार, भूल देणाऱ्या डॉक्टरांची नळी, या साऱ्यांची वाट त्याच फटीतून जाते. रोग पुन्हा डोकावतो आहे काय, हे पाहावयाचे तरी तोंड उघडलेच पाहिजे.

मग रोगी पंगत टाळू लागतो. 'जीव वाचला, आता घासाची तक्रार कसली?' म्हणून गप्प बसतो. हा संकोचच घात करतो. कारण जखडलेला जबडा सोडविण्यापेक्षा तो जखडू न देणे सोपे. म्हणून उपचारांच्या काळापासूनच जबडा ताणण्याचे व्यायाम शिकवितात. लाकडाच्या चपट्या पट्ट्या एकीवर एक रचून दातांत धरावयाच्या आणि सोसेल तशी एकेक वाढवावयाची. साधन साधे, पण नेम हवा, तोही वर्षानुवर्षांचा, आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याने. जबडा एकाएकी अधिक जखडला वा दुखू लागला, तर वैद्यांना तत्काळ दाखवावे. सुपारीही तोंड आखडविते. तिला कायमचाच निरोप द्यावा.

घरच्या मंडळींनो, 'जेवलात का?' हे तुम्ही रोज विचारताच. त्यासोबत 'तोंड किती उघडते?' हेही विचारीत चला.