सैन्यांत कोणतें काम पत्करावें?

मुलानें सैन्यांत भरती होण्याची इच्छा बोलून दाखविली म्हणजे सुशिक्षित घरांत पहिले कांहीं दिवस वादांत जातात. पुढें विरोध मावळतो आणि घरांतील मंडळी तडजोडीला येतात. ही तडजोड बहुधा एकाच स्वरूपाची असते. आई म्हणते, "जायचेंच असेल तर जा बाबा, पण बंदूक घेऊन पुढें उभें राहायचें काम नको. कचेरींतलें पाहा, नाहीं तर यंत्रांचें पाहा." मुलगा म्हणतो, "कारकुनीच करायची तर बँकेची परीक्षा काय वाईट होती? जायचें तर पायदळांतच." दोघांचेंही बोलणें मनापासूनचें असतें, परंतु दोघांच्याही डोळ्यांपुढें सैन्याचें जें चित्र असतें तें पुष्कळसें काल्पनिक असतें. साडेसतरा वर्षांच्या मुलाला अग्निवीर म्हणून भरती होतां येतें, आणि त्याला अठरा वर्षें पुरीं झालेलीं नसल्यास भरतीच्या कागदावर आईबापांची किंवा पालकांची सही लागते. ती सही कशाखालीं होत आहे हें अगोदर नीट समजून घेतलेलें बरें.

भारतीय सैन्याच्या कामाचे स्थूलमानानें तीन भाग पडतात. पायदळ, यांत्रिक पायदळ आणि रणगाडादळ हीं प्रत्यक्ष शत्रूला भिडणारीं दलें होत. तोफखाना, हवाई संरक्षण दल, इंजिनिअर, सिग्नल वगैरे दलें त्यांना लढतांना साहाय्य करतात. तिसरा भाग सेवांचा. त्यांत रसद व वाहतूक, शस्त्रांचीं भांडारें, यंत्रांची दुरुस्ती, वैद्यकीय सेवा आणि टपालसुद्धां येतें. ह्यांपैकीं अनेकांचीं ठाणीं मराठी माणसाच्या परिचयाचीं आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचें केंद्र बेळगांवला, रणगाडादळाचें अहमदनगरला म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरला, तोफखान्याचें नाशिक रोडला, बाँबे सॅपर्स ह्या इंजिनिअर दलाचें खडकीला, आणि सैन्याला डॉक्टर पुरविणारें वैद्यकीय महाविद्यालय पुण्याला आहे. पुण्यानाशकाच्या लोकांना ह्या छावण्यांच्या भिंती रोज दिसतात. आंत काय चालतें ह्याची कल्पना मात्र थोड्यांनाच असते.

ह्या तिन्ही भागांचें नातें सियाचिनच्या हिमनदीवर फार स्पष्ट दिसतें. १९८४ च्या एप्रिलपासून तेथें भारतीय सैन्याचीं ठाणीं आहेत. पायदळाचा जवान ज्या चौकीवर उभा असतो, तेथें त्याचें अन्न, त्याचें रॉकेल आणि त्याचीं काडतुसें खालून यावयाचीं असतात. कांहीं ठिकाणीं तीं हेलिकॉप्टरखेरीज पोंचतच नाहींत. तेथें शत्रूच्या गोळीपेक्षां थंडीनें, विरळ हवेनें आणि हिमकडे कोसळून अधिक माणसें गेलीं आहेत. म्हणजे रॉकेलचा डबा वेळेवर न पोंचणें हें तेथें शत्रूच्या हल्ल्याइतकेंच घातक ठरतें. डब्यांचा हिशेब ठेवणारा भांडारपाल, ते वाहून नेणारा वैमानिक आणि हेलिकॉप्टर धडधाकट राखणारा कारागीर हे तिघे त्या चौकीवरच्या लढाईचेच भागीदार असतात.

आतां आईची समजूत पाहूं जातां ती अशी असते कीं, मागच्या कामांत जिवाला धोका नाहीं. ह्या समजुतीला दुसऱ्या महायुद्धांतील एक प्रसंग कायमचें उत्तर देऊन गेला आहे. १९४४ च्या फेब्रुवारींत ब्रह्मदेशाच्या आराकान भागांत सातव्या भारतीय डिव्हिजनचें रसदीचें ठाणें सिंझवेया येथें होतें. चारी बाजूंनीं टेंकड्या, मध्यें भाताचीं शेतें, आणि त्यांत दारूगोळ्याचे व अन्नाचे साठे, खेंचरांचे तळ, दुरुस्तीचे कारखाने व जखमींचें ठाणें. जपानी फौजेनें वळसा घालून मागून हल्ला चढविला आणि तें सारें ठाणें वेढलें. डिव्हिजनचें मुख्यालय उधळलें गेलें. सेनापति मेसर्व्ही यांना हातीं लागलेल्या माणसांनिशीं जंगलांतून वाट काढीत ह्या ठाण्यांत यावें लागलें. मग कारकून, मोटारचालक, खेंचरवाले, भांडारपाल ह्या सर्वांच्या हातीं बंदुका देऊन प्रत्येक तुकडीला वेढ्याच्या कांठाचा एक एक भाग राखावयास सांगण्यांत आला. ७ फेब्रुवारीच्या रात्रीं जपानी सैनिक जखमींच्या ठाण्यांत घुसले आणि तेथील डॉक्टर व अंथरुणावरचे जखमी मिळून तीसांहून अधिक माणसें त्यांनीं ठार केलीं. वेढा जवळजवळ तीन आठवडे चालला. रसद विमानांतून टाकली जात होती, रणगाड्यांनीं मोलाची साथ दिली, आणि शेवटीं माघार घ्यावी लागली ती जपान्यांना. ही लढाई इतिहासांत 'अ‍ॅडमिन बॉक्स'ची, म्हणजे कचेरी व कोठार यांच्या ठाण्याची लढाई, म्हणूनच ओळखली जाते. जंगलच्या युद्धांत बिनलढाऊ असा कोणी नसतो, प्रत्येक तुकडीनें, मग ती वैद्यकीय कां असेना, आपलें रक्षण आपणच केलें पाहिजे, हा दंडक सेनापति स्लिम यांनीं ह्या आघाडीवर अगोदरच घालून दिला होता. आज क्षेपणास्त्रें आणि मानवरहित विमानें पिछाडीच्या कोठारापर्यंत सहज पोंचतात. म्हणून भरती झालेल्या प्रत्येकाला, तो पुढें लेखणी धरणार असो कीं पाना धरणार असो, कवाईत आणि शस्त्र हीं आधीं शिकावींच लागतात.

तथापि सगळ्या कामांत धोका सारखाच आहे असें सांगणें ही फसवणूक होईल. कोणत्याही युद्धाचा जमाखर्च पाहिला तर सर्वांत अधिक रक्त पायदळाचेंच सांडलेलें आढळतें. १९९९ सालीं कारगिलच्या उभ्या कड्यांवर रात्रीं चढून गेलेले जवान मुख्यत्वें पायदळाचेच होते, आणि त्या युद्धांत कामास आलेल्या पांचशेंहून अधिक वीरांत त्यांचाच भरणा मोठा होता. कारखान्यांत अथवा कोठारांत काम करणाराचा धोका सामान्यतः कमी असतो हें खरें. पण कमी धोका म्हणजे धोक्याचा अभाव नव्हे, आणि ह्या दोहोंतला फरक सही करतांना घरच्या माणसांनीं मनांत स्पष्ट ठेवला पाहिजे.

मुलाची समजूत नेमकी उलटी असते. पुढें होऊन बंदूक चालविणारा तेवढा शिपाई, बाकीचे नोकरदार, असें त्याला वाटतें. त्यानें रामा राघोबा राणे यांचें चरित्र वाचावें. कारवारजवळच्या चेंडिये गांवचा हा पुरुष १९४० सालीं बाँबे सॅपर्समध्यें साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि पुढें अधिकारी झाला. सॅपर म्हणजे रस्ते, पूल आणि सुरुंग यांचें काम करणारा. १९४८ च्या एप्रिलमध्यें नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या फौजेची वाट शत्रूनें सुरुंग पेरून आणि झाडें आडवीं पाडून बंद केली होती. ८ एप्रिलला काम सुरू होतांच तोफगोळे पडले. राण्यांच्या तुकडींतील दोघे ठार झाले आणि पांच जण जखमी झाले, त्यांत स्वतः राणेही होते. तरीही त्यांनीं काम सोडलें नाहीं. एका ठिकाणीं गोळीबारांत उघड्यावर जाणें शक्य नव्हतें, तेव्हां ते चालत्या रणगाड्याखालीं शिरले आणि दोरीच्या हिसक्यानें चालकाला थांबण्याची व चालण्याची खूण करीत, सरपटत सुरुंग काढीत गेले. ११ तारखेच्या रात्रीपर्यंत हें काम चाललें होतें. वाट मोकळी झाली, रणगाडे पुढें गेले आणि राजौरी हातीं आली. राणे यांना परमवीरचक्र मिळालें. त्या चार दिवसांत त्यांच्या हातीं मुख्यतः सुरुंग काढण्याचीं हत्यारें होतीं. त्यांच्या शौर्याला कमी लेखण्याची छाती कोणत्याही पायदळवाल्याला व्हावयाची नाहीं.

आतां निवड प्रत्यक्षांत कशी होते तें पाहावें, कारण घरोघरचे वाद पुष्कळदां ह्या माहितीच्या अभावींच वाढतात. जून २०२२ मध्यें जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार शिपायांची भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठीं होते. उमेदवार पलटण निवडीत नाहीं. तो प्रवर्ग निवडतो. जनरल ड्यूटीसाठीं दहावींत एकंदर ४५ टक्के आणि प्रत्येक विषयांत ३३ टक्के गुण लागतात. टेक्निकलसाठीं बारावीला विज्ञानशाखा, म्हणजे पदार्थविज्ञान, रसायन, गणित व इंग्रजी हे विषय, आणि एकंदर ५० टक्के गुण हवेत. कारकून व भांडारपाल ह्या प्रवर्गासाठीं कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण गुण एकंदर ६० टक्के आणि प्रत्येक विषयांत ५० टक्के लागतात. ट्रेड्समन म्हणजे स्वयंपाकी, शिंपी, रंगारी, धोबी इत्यादि. ह्यांत दहावी, आणि कांहीं कामांना आठवी, पुरते. २०२३ पासून आधीं संगणकावर लेखी परीक्षा आणि मग १.६ किलोमीटर धांवण्याची व इतर शारीरिक कसोटी, असा क्रम आहे. बारावीला साठ टक्के मिळविणाऱ्या शहरी मुलाला म्हणून निवडीला वाव अधिक असतो, आणि त्यामुळेंच त्याच्या घरीं वादही अधिक होतो.

प्रवर्ग मिळाला तरी नेमणूक कोठें होईल हें सैन्याच्या गरजेवर ठरतें. पायदळाच्या प्रत्येक पलटणींत तिचा स्वतःचा कारकून, चालक आणि स्वयंपाकी असतो, आणि पलटण सीमेवर गेली म्हणजे तेही तिच्याबरोबर जातात. कचेरीच्या आशेनें भरती झालेला मुलगा काश्मीरांतल्या बर्फांत पलटणीच्या नोंदी लिहीत बसला, तर कोणी त्याला फसविलें असें होत नाहीं. पगारांतही प्रवर्गावरून भेद नाहीं. योजनेंत पहिल्या वर्षीं दरमहा ३०,००० रुपये आणि चौथ्या वर्षीं ४०,००० रुपये असें मान ठरलें, आणि त्यांतील तीस टक्के शेवटीं मिळावयाच्या सेवानिधींत जमा होतात. कठीण जागेचा भत्ता कामाच्या जागेप्रमाणें मिळतो.

मग निवड कशावरून करावी? रोजच्या दिवसावरून. युद्ध क्वचित् येतें. दिवस मात्र रोज उजाडतो. पायदळाच्या जवानाचा दिवस चालण्यांत, पहाऱ्यांत, गस्तींत आणि पुष्कळशा वाट पाहण्यांत जातो. ज्याला शरीर थकविल्याशिवाय झोंप येत नाहीं आणि दहा जणांबरोबर एका खोलींत ज्याचें मन रमतें, त्याला हें जीवन मानवतें. तांत्रिक कामांत रडार, बिनतारी यंत्र किंवा रणगाड्याचें इंजिन समोर असतें. तेथें अभ्यास संपत नाहीं आणि स्क्रू ढिला राहिला तर त्याचें मोल दुसरा मोजतो. भांडारपालाला हजारों सुट्या भागांची नोंद ठेवावी लागते. त्यांत कंटाळा करणारा मनुष्य लढाईंत शत्रूच्या उपयोगीं पडतो. कारकुनाच्या टेबलावर जवानांची रजा, त्यांचा पगार आणि मेलेल्याच्या विधवेचे कागद येतात. शाळेंत वहीची समासरेघ न चुकविणारा मुलगा आणि मैदानावरून अंधार पडेपर्यंत न हलणारा मुलगा, हे दोन्ही सैन्याला हवे असतात. त्यांनीं एकमेकांच्या जागा घेतल्या तर मात्र दोघेही दुःखी होतात.

दुसरी गोष्ट चार वर्षांनंतरची. अग्निवीरांपैकीं जास्तींत जास्त २५ टक्क्यांना पुढें कायम सैनिक म्हणून घेतलें जाईल असें योजनेंत आहे. बाकीचे पंचविशीच्या आंतबाहेर घरीं परततात. त्यांना केंद्रीय निमलष्करी दलांत राखीव जागा आहेत. इंजिनें किंवा विद्युत्‌यंत्रें हाताळलेल्या मुलाला कारखान्यांत ओळख सांगणें सोपें जातें. पायदळांतून आलेला मुलगा शिस्त व नेतृत्व घेऊन येतो. तें त्यालाच पटवून द्यावें लागतें. चार वर्षांनीं आपल्या हातांत काय असावें, हा प्रश्न भरतीपूर्वींच विचारावयाचा आहे.

मुलींच्या बाबतींत ही निवड अजून अंशतः नियमांनींच केलेली आहे. १९९२ पासून अधिकारी म्हणून स्त्रियांना कांहीं शाखा खुल्या झाल्या, आणि २०२३ च्या एप्रिलमध्यें तोफखान्यांत प्रथमच पांच स्त्री अधिकाऱ्यांची नेमणूक झाली. पायदळ व रणगाडादळ मात्र त्यांना खुलें झालेलें नाहीं.

शेवटीं निर्णय कोणी करावा? जो कपडे चढविणार आहे त्यानें. आईबापांनीं त्याला माहिती द्यावी, त्याच्या संवयी त्याला आठवून द्याव्यात आणि हवें तर एखाद्या निवृत्त सुभेदाराकडे त्याला दोनचार संध्याकाळीं पाठवावें. स्वतःच्या भीतीसाठीं त्याला कचेरींत ढकलूं नये, आणि शेजाऱ्यांत मिरविण्यासाठीं आघाडीवरही ढकलूं नये. भीतीपोटीं घेतलेलें मागचें काम संकट येतांच पुढचें होतें. त्या वेळीं ज्याचें मन तेथें नाहीं, तो स्वतःबरोबर सोबत्यांनाही धोक्यांत घालतो. आपलें काम आवडीनें व नीट करणारा मनुष्य सैन्यांत कोठेंही असला तरी त्याच्या भरंवशावर दुसरा कोणी तरी रात्रीं झोंपलेला असतो. हा भरंवसा आपला मुलगा कोणत्या कामांत पुरा करूं शकेल, एवढें पाहून सही करावी.